आधी बोल्ट-ऑन की थेट ब्लोअर? वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीचशी पत्रं मसल कारवाल्यांचीच, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या अमेरिकन गाड्यावाल्यांचीच आहेत आणि सगळ्यांचा घोळ एकच, छोटे छोटे पार्ट (बोल्ट-ऑन) लावत जाऊ की इंजिनात हवा दाबून कोंबणारा सुपरचार्जर, म्हणजेच ब्लोअर, नाहीतर टर्बो एकदाच टाकून मोकळे होऊ. म्हणून अख्खं पान त्यालाच दिलंय. ब्रेकच्या किरकिर आवाजाबद्दल विचारणाऱ्या मंडळींनी पुढच्या अंकापर्यंत जरा दम धरा.

प्रश्न : नमस्कार दादा. न्यू जर्सीत राहतो, माझ्याकडे २०१६ ची मस्टँग जीटी आहे, मॅन्युअल, ४८ हजार मैल झालेत. रोज कामावर हीच गाडी नेतो. पाच हजार डॉलर बाजूला काढलेत. एक मित्र म्हणतो इनटेक, हेडर, एक्झॉस्ट असं एकेक करत जा, दुसरा म्हणतो अजून पैसे साठव आणि थेट सुपरचार्जर बसव. डोकं चक्रावलंय. काय करू?

मित्रा, गाडीबद्दल सगळं लिहिलंस पण ती तुला कमी कुठे पडते ते काही लिहिलं नाहीस. सिग्नलवरून निघताना मरगळल्यासारखी वाटते? हायवेवर ओव्हरटेक करताना गिअर पाडावा लागतो? की पार्किंगमध्ये शेजारी कुणाची तरी जास्त ताकदवाली उभी राहिली आणि पोटात दुखलं? हसू नकोस, निम्म्या लोकांचं खरं उत्तर तिसरंच असतं आणि त्यात काही चूकही नाही, फक्त तिन्हींचा खर्च वेगवेगळा आहे.

आता तुझ्या इंजिनाकडे ये. इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. जेवढी हवा आत जाईल तेवढं पेट्रोल जळेल आणि तेवढीच ताकद निघेल, बोल्ट-ऑन पार्ट म्हणजे त्या हवेच्या वाटेतले अडथळे काढणं. इनटेक हवा आत आणतो, हेडर आणि एक्झॉस्ट जळलेला गॅस बाहेर नेतात. पण अडथळे असले तर काढशील ना! १९६४ ची पॉन्टियाक जीटीओ घे, जिला बरेच लोक पहिली मसल कार म्हणतात. ३८९ क्युबिक इंच म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन आणि ताकद ३२५ हॉर्सपॉवर, तीही त्या काळच्या ढिल्या ग्रॉस मापाने, म्हणजे गाडीतलं बाकी सामान न लावता नुसतं इंजिन मोजून. लिटरमागे जेमतेम पन्नास. त्या जमान्यात बिडाचे अरुंद मॅनिफोल्ड काढून पाइपचे हेडर लावले, बरा कार्बोरेटर बसवला की गाडी खरंच दुसरीच वाटायची, कारण कंपनीनेच तिचा गळा आवळलेला असायचा. तुझ्या ५.० लिटरला कंपनीतूनच ४३५ हॉर्सपॉवर आहे, म्हणजे लिटरमागे ८७. सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, चारही कॅमशाफ्टचं टायमिंग चालत्या गाडीत बदलतं. हे इंजिन आधीच मोकळा श्वास घेतंय, तू त्याला आणखी किती मोकळं करणार?

आकडेच सांगतो. क्रँकवरचे, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावरचे, ४३५ चाकापर्यंत येईस्तोवर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल खाऊन साधारण ३७० उरतात. इनटेक आणि ट्यून (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) मिळून चाकाला पंधरा-वीस वाढतात, लाँग ट्यूब हेडरने आणखी पंधरा-वीस, कॅट-बॅक, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागच्या, एक्झॉस्टने पाचेक आणि बाकी नुसता आवाज. सगळं धरून चाकाला चाळीस-पन्नास, आणि मजुरीसकट तुझ्या पाच हजारातले बरेचसे गेले. ते चाळीस-पन्नाससुद्धा साडेसहा हजार आरपीएमच्या वर, जिथे रोज कामावर जाताना तुझा काटा कधी जातच नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

आणि एक, हा इनटेक आहे ना तो ट्यूनशिवाय लावू नकोस. त्या पाइपात हवा मोजणारा सेन्सर बसतो, पाइपाचा व्यास बदलला की सेन्सरचं गणित चुकतं, कॉम्प्युटरला वाटतं हवा कमी येतेय म्हणून तो पेट्रोलही कमी सोडतो. जास्त हवा आणि कमी पेट्रोल, म्हणजे वाढायच्या ऐवजी नुकसानच.

आता दुसरी बाजू. बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला १४.७ पीएसआय (चौरस इंचाला इतके पौंड). सुपरचार्जरने त्यावर सात पीएसआय कोंबली तर इंजिनला जवळपास दीडपट हवा मिळाली. कागदावर दीडपट ताकद. खरं तर तेवढी मिळत नाही, कारण हवा दाबली की तापते, तापली की विरळ होते, आणि सुपरचार्जर फिरवायला लागणारी ताकद इंजिनच्याच बेल्टवरून जाते. तरीसुद्धा सात-आठ पीएसआयवर तुझ्या गाडीच्या चाकाला साडेपाचशेच्या आसपास येतात. किटला सात ते साडेनऊ हजार, बसवायला वेगळे दीड-तीन हजार. एका हॉर्सपॉवरमागे किती डॉलर पडले हे मांडून बघ, सुपरचार्जर बोल्ट-ऑनपेक्षा महाग अजिबात नाही, उलट स्वस्तच निघतो. फक्त तो किलोने विकत मिळत नाही, अख्खं पोतंच घ्यावं लागतं.

पण माझा मुद्दा स्वस्त-महागाचा नाहीच. मुद्दा हा की पहिला बोल्ट उघडायच्या आधी ठरव, ही गाडी कधीतरी बूस्टवर, म्हणजे दाबून कोंबलेल्या हवेवर, जाणार आहे का नाही. कारण सुपरचार्जरचं किट स्वतःचा इनटेक घेऊन येतं, स्वतःचे इंजेक्टर आणतं, ट्यून तर नव्यानेच करावं लागतं, आणि इंजिनच्या वर बसणारं असेल तर इनटेक मॅनिफोल्डही काढून फेकावा लागतो. म्हणजे एकेक करत लावलेलं निम्मं सामान त्या दिवशी खोक्यात जातं. मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या गॅरेजच्या फळीवर आजही एक कोल्ड एअर इनटेक आणि एक थ्रॉटल बॉडी धूळ खात पडलीय, दोन वर्षं हौसेने एकेक लावलं आणि मग सुपरचार्जर घेतला.

त्या सुपरचार्जरचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो, लाज कसली. २०१३ ची जीटी, सेकंडहँड सेंट्रिफ्युगल ब्लोअर, आणि मी शहाणा म्हणून बूस्ट वाढवायला ब्लोअर फिरवणारी पुली लहान घातली, म्हणजे तो जास्त जोरात फिरतो. पेट्रोलचा पंप मूळचाच. ज्याच्याकडे ट्यून केलं तो म्हणाला चालतंय, मलाही तेच ऐकायचं होतं. उन्हाळ्यातली संध्याकाळ, तिसरा गिअर, काटा साडेसहा हजारावर आणि पुढून पत्र्याच्या डब्यात कुणी चणे हलवावेत तसा आवाज आला, जेमतेम एक सेकंद. घरी आणून प्लग काढले. सात प्लग फिकट तपकिरी, जसे असावेत तसे. आठव्या सिलिंडरचा प्लग पांढराफट्ट आणि त्याच्या पोर्सेलिनवर बारीक चमकणारे कण, मिरपूड भुरभुरावी तसे. नखाने खरवडून पाहिले तर ॲल्युमिनियम. ते ॲल्युमिनियम पिस्टनचं होतं. सिलिंडरमधला दाब तपासला तर बाकी सगळे १८० पीएसआयच्या आसपास आणि आठवा ९५. पंप पुरत नव्हता, वरच्या आरपीएमला मिश्रणात पेट्रोल कमी पडलं, नॉकिंग झालं म्हणजे मिश्रण आपोआप धाडकन भडकलं, पिस्टनची कड गेली. मोठा पंप मग घेतलाच, नव्या इंजिनसोबत. बैल गेला नि झोपा केला.

म्हणून तुला सांगतो, बूस्टवर जायचं पक्कं असेल तर हे पाच हजार इंजिनच्या पुढून नाही तर चाकांच्या बाजूने खर्च करायला लाग. आधी टायर. मूळ टायरवर चाकाला साडेपाचशे म्हणजे दुसऱ्या गिअरमध्येही नुसता धूर, वेग नाही. मग क्लच, मूळचा त्या टॉर्कला घसरणारच. आणि परफॉर्मन्स पॅकवाली गाडी नसेल तर मागच्या डिफरन्शियलमध्ये बहुतेक ३.३१ चा गिअर असेल, तो बदलून ३.७३ घाल. प्रत्येक गिअरमध्ये चाकाला सुमारे पावणेतेरा टक्के जास्त टॉर्क, तोही दोन हजार आरपीएमपासून, जिथे तू रोज गाडी चालवतोस. इंजिनला हातही न लावता! स्पीडोमीटरचं कॅलिब्रेशन तेवढं करून घे, नाहीतर काटा खोटं बोलेल. हे तिन्ही उद्या सुपरचार्जर आला तरी गाडीतच राहतं, खोक्यात जात नाही. आणि गंमत सांगू, एवढं करून बरेच जण म्हणतात आता बास, ब्लोअर नकोच. तसं झालं तर पैसे वाचले.

किट घेशील तेव्हा ऑइल पंपाचे गिअर मात्र विसरू नकोस. या इंजिनात ते पावडर मेटलचे (धातूची भुकटी दाबून केलेले) आहेत, वर बेल्टचा ताण आणि रेव्ह लिमिटरवर (आरपीएमच्या कमाल मर्यादेवर) वारंवार आपटणं झालं की तडकतात, आणि तडकले की ऑइलचा दाब शून्य. बिलेटचे (अखंड धातूतून कापलेले) गिअर स्वतः काही फार महाग नाहीत, महाग आहे ते समोरचं कव्हर उघडायची मजुरी. ती एकदाच दे. एक गोष्ट तुझ्या बाजूने आहे, २०१५ पासून फोर्डने कनेक्टिंग रॉड आधीपेक्षा मजबूत दिलेत, माझ्या २०१३ वाल्यात ते सुख नव्हतं.

प्रश्न : मी डेन्व्हरला असते. डॉज चॅलेंजर आर/टी, ५.७ हेमी, ऑटोमॅटिक. सखल भागात राहणाऱ्या भावाची सेम गाडी चालवली तेव्हा ती चक्क जास्त पळते असं वाटलं. माझ्या गाडीत काही बिघाड आहे का? आणि इथे टर्बो बरा की सुपरचार्जर?

ताई, गाडी ठणठणीत आहे, हवाच पातळ आहे तुमच्याकडे. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८३ टक्क्यांच्या आसपास. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के घटते, म्हणजे तुमचे ३७२ हॉर्सपॉवर तिथे ३१० च्या आसपास. भावाच्या गाडीने तुम्हाला फसवलं नाही, त्याच्याकडे साठ घोडे जास्तच आहेत. त्यामुळे बोल्ट-ऑनबद्दल वर जे लिहिलं ते तुम्हाला आणखी कडक लागू, कारण वाढ टक्क्यांत होते आणि तुमची सुरुवातच कमीवरून आहे. इनटेक-हेडर-एक्झॉस्ट सगळं करून उंचीने नेलेलंसुद्धा भरून निघणार नाही.

टर्बो की सुपरचार्जर, तर उंचीवर टर्बोचं पारडं खरंच जड. सुपरचार्जर बेल्टने फिरतो, क्रँक जेवढा फिरेल त्या ठरलेल्या पटीतच तो फिरणार, बाहेर हवा पातळ असली तर त्याच फेऱ्यांत तो पातळ हवाच ओढणार, म्हणून डेन्व्हरला गेजवर बूस्ट खालच्यापेक्षा कमी दिसतो. पुली लहान करून ते भरून काढता येतं पण मग तीच गाडी खाली भावाकडे नेली की बूस्ट नको तेवढा. टर्बोचं तसं नाही. तो एक्झॉस्टच्या गॅसवर फिरतो आणि वेस्टगेट, म्हणजे जादा गॅस बाजूने सोडणारी झडप, ठरलेला दाब येईपर्यंत त्याला फिरू देते, म्हणजे उंचीवर तो आपोआप जास्त जोरात फिरून कसर भरतो. अर्थात फुकट नाही, जास्त फिरला की हवा जास्त तापते, आणि लहान टर्बो असेल तर त्याचा दम संपतो.

पण टर्बोचं काम घरच्या ड्राइव्हवेवर शनिवार-रविवारात होणारं नाही. एक्झॉस्टच्या पाइपांची पूर्ण रचना बदलते, ऑइलची लाइन आणा, परत न्या, बॉनेटखाली आधीच भट्टी आणि त्यात टर्बोची लालबुंद होणारी दोन भांडी. सुपरचार्जर त्यामानाने सरळ माणूस आहे. त्यातही दोन जाती, इंजिनच्या डोक्यावर बसणारा ट्विन-स्क्रू किंवा रूट्स, पाय दाबला की लगेच टॉर्क, आणि पुढे बेल्टला लटकणारा सेंट्रिफ्युगल, जो आरपीएम चढेल तसा बूस्ट चढवतो. ऑटोमॅटिकला आणि शहरातल्या चालवण्याला मला पहिलाच आवडतो. मात्र डोक्यावर बसणारा एकदा तापला की लवकर निवत नाही, लागोपाठ तीनचार वेळा जोर लावला की इनटेकचं तापमान चढतं, कॉम्प्युटर इग्निशन मागे घेतो (स्पार्क उशिरा देतो) आणि पाचव्या वेळी गाडी पहिल्यापेक्षा मंद.

आता खरी काळजी वेगळीच. तुमच्या ५.७ चे पिस्टन ओतीव आहेत, घडीव नाहीत, आणि कॉम्प्रेशन १०.५, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण साडेदहा पट दाबलं जातं. हे पिस्टन नुसता दाब सोसतात, नॉकिंग सोसत नाहीत, एकदा जोरात झालं की रिंगच्या मधली कडा तुटते. कोलोरॅडोत पंपावर प्रीमियम म्हणजे ९१ ऑक्टेन, त्यामुळे पाच-सहा पीएसआयच्या वर जाऊ नका, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर हवाच, आणि ट्यून करणाऱ्याला आधीच सांगा की आकडा कमी आला तरी चालेल. जो त्यावर नाराज होईल त्याच्याकडे करू नका.

एक आगाऊ सल्ला देऊ? आर/टी विकून कंपनीनेच ब्लोअर बसवलेली हेलकॅट बघा. २०१५ च्या पहिल्या हेलकॅटला ७०७ हॉर्सपॉवर, पिस्टन घडीव, कॉम्प्रेशन मुद्दाम ९.५ वर उतरवलेलं, गिअरबॉक्स, ॲक्सल, ब्रेक, थंड करायची व्यवस्था सगळं त्या ताकदीच्या मापाचं. तो २.४ लिटरचा सुपरचार्जर पूर्ण जोरात फिरवायलाच ८० च्या आसपास हॉर्सपॉवर लागतात, काही गाड्यांची अख्खी ताकद तेवढी असते! चॅलेंजर २०२३ अखेर बंद झाली त्यामुळे वापरलेलीच मिळेल, पण आर/टीवर किट, पिस्टन, गिअरबॉक्स असं करत जे बिल होतं ते मांडलं की हा हिशोब वेडा वाटत नाही. इन्शुरन्सचा आकडा तेवढा आधी विचारून घ्या, बसलेल्या जागीच विचारा.

प्रश्न : मी निवृत्त आहे, ओहायोत मुलाजवळ राहतो. १९७२ ची शेव्हरोले शेव्हेल घेतली आहे, ३५० इंजिन, दोन बॅरलचा कार्बोरेटर. बॉनेटमधून वर आलेला मोठा ब्लोअर लावायची तरुणपणापासूनची इच्छा. मुलगा म्हणतो, बाबा, आधी कार्बोरेटर बदला. कोण बरोबर?

काका, मुलगा बरोबर आहे पण इच्छा तुमची जास्त भारी आहे, त्यामुळे दोघांनाही थोडं थोडं देतो.

तुमच्या गाडीत वरच्या मस्टँगच्या अगदी उलट परिस्थिती. १९७१ पासून जनरल मोटर्सने कमी ऑक्टेनच्या, शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवलं, तुमच्या ३५० क्युबिक इंचाच्या इंजिनाचं ८.५ वर आलं आणि १९७२ पासून नेट माप (सगळं सामान लावून मोजलेलं) लागू झाल्याने कागदावर उरले १६५ हॉर्सपॉवर. ५.७ लिटरमधून १६५! इथे बोल्ट-ऑन अक्षरशः जादू करतात. चार बॅरलचा (हवेच्या चार नळ्यांचा) कार्बोरेटर, ॲल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड, हेडर, इग्निशनचे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन. एवढं मुलगा आणि तुम्ही मिळून दोन-चार रविवारी हातानेच करू शकता, कॉम्प्युटर नाही, ट्यून नाही, एक टायमिंग लाइट आणि स्क्रूड्रायव्हर. त्यानंतर कॅमशाफ्ट आणि बरे सिलिंडर हेड घातले की ताकद दुपटीच्या आसपास नेता येते. आजच्या कुठल्याही गाडीत बोल्ट-ऑनने हे होणार नाही.

आणि ज्या ८.५ कॉम्प्रेशनला सगळे नाकं मुरडतात तेच ब्लोअरला पाहिजे असतं. दाबून कोंबलेली हवा सिलिंडरमध्ये पुन्हा दाबली जाते, मुळात कॉम्प्रेशन कमी असलं की नॉकिंगला जागा कमी. म्हणजे तुमचं हे बिचारं इंजिन ब्लोअरसाठी नावं ठेवण्यासारखं नाही, फक्त पिस्टन कुठले आहेत ते उघडून बघायला हवं आणि बूस्ट पाच-सहाच्या आत.

तो बॉनेटमधून डोकं काढणारा ६-७१ ब्लोअर, त्याची गोष्ट मला फार आवडते. तो मुळात रेसचा नाहीच. जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाचा, ट्रक-बसमधला. सहा सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडर ७१ क्युबिक इंचाचा म्हणून ६-७१. टू-स्ट्रोक डिझेलला जळलेला गॅस ढकलून ताजी हवा भरायला ब्लोअर लागतोच, त्याशिवाय ते चालूच होत नाही. हॉट रॉडवाल्यांनी भंगारातून ते उचलले आणि व्ही-एटच्या डोक्यावर ठेवले. रूट्स बंधूंनी इंडियानात त्याचं पेटंट १८६० मध्ये घेतलं होतं, तेव्हा मोटारच जन्मली नव्हती.

टर्बोचं खूळ मात्र डोक्यात घेऊ नका. १९६२ मध्ये ओल्ड्समोबिलने जेटफायर नावाची टर्बो गाडी काढली होती, २१५ क्युबिक इंचाचं छोटं ॲल्युमिनियम इंजिन, कॉम्प्रेशन १०.२५ आणि वर पाच पीएसआय बूस्ट. नॉकिंग होऊ नये म्हणून पाणी आणि मेथेनॉलचं मिश्रण आत फवारायचे, त्याला नाव दिलं होतं टर्बो रॉकेट फ्लुइड. लोक ती टाकी भरायलाच विसरायचे, मग गाडी स्वतःच बूस्ट बंद करून मरतुकडी चालायची आणि मालक तक्रार घेऊन डीलरकडे. कित्येक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवला गेला, गाडी १९६३ मध्येच बंद. खुद्द कंपनीला कार्बोरेटरच्या जमान्यात जे नीट पेललं नाही ते आपण घरी कशाला!

काहीही करा पण आधी ब्रेक. पुढे ड्रम असतील तर डिस्क बसवल्याशिवाय एकही घोडा वाढवायचा नाही, इथे मी मुलाच्या बाजूने. आणि ड्रॅग स्ट्रिपवर हौस म्हणून नेणार असाल तर एनएचआरएचे (अमेरिकेतल्या ड्रॅग रेस संघटनेचे) नियम बघून ठेवा, पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून जलद गेली की हेल्मेट लागतं आणि तुमच्यासारख्या जुन्या गाडीला ११.४९ किंवा त्याहून जलद गेली की रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर छप्पर चेपू नये म्हणून आत बसवायचा पाइपचा सांगाडा. तो बसवायचा तर मागची सीट विसरा, नातवंडं कुठे बसणार?

प्रश्न : कॅलिफोर्निया, २०१७ कॅमेरो एसएस. लाँग ट्यूब हेडर आणि ट्यून करायचंय. स्मॉग टेस्टला प्रॉब्लेम येईल का? वॉरंटी जाईल का?

येईल. तुमच्या राज्यात पार्टला कार्बचा, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा, एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर (मंजुरीचा नंबर) लागतो, त्याचं स्टिकर बॉनेटखाली चिकटवलेलं हवं. लाँग ट्यूब हेडरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवरून हलतो म्हणून त्यांना तो नंबर सहसा नसतोच, शॉर्टी म्हणजे आखूड हेडरपैकी काहींना असतो. कन्व्हर्टर काढून टाकणं तर संघराज्याच्या क्लीन एअर ॲक्टखाली कुठल्याच राज्यात चालत नाही. ट्यूनचंही तेच, जुलै २०२१ पासून कॅलिफोर्नियात स्मॉग टेस्टला कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअरही तपासतात, कंपनीचं किंवा नंबरवालं नसेल तर गाडी नापास, धूर कितीही स्वच्छ असो. आधी लोक टेस्टच्या आदल्या रात्री हेडर काढून परत जुने लावायचे, आता नुसतं तेवढ्याने भागत नाही.

गंमत म्हणजे नंबर मिळालेली सुपरचार्जर किट मिळतात. म्हणजे तुमच्या राज्यात चाकाला पन्नास वाढवायची वाट बेकायदा आणि दीडशे वाढवायची कायदेशीर, असंही होऊ शकतं. नंबर तुमच्या मॉडेल वर्षाला लागू आहे का ते तेवढं तपासा, २०१६ चा २०१७ ला चालेलच असं नाही. आणि तुमच्या गाडीच्या एलटी१ इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडवतात, त्याचा हाय-प्रेशर पंप कॅमशाफ्टवर चालतो आणि त्याची मर्यादा लवकर येते, कॉम्प्रेशनही ११.५ आहे, तेव्हा किटवाल्याने सांगितलेल्या पुलीपेक्षा लहान पुलीचा विचारही नको.

वॉरंटीचं म्हणाल तर १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे, नुसता बाहेरचा पार्ट दिसला म्हणून कंपनी सरसकट हात वर करू शकत नाही, त्या पार्टमुळेच बिघाड झाला असं दाखवावं लागतं. पण ब्लोअर बसवलाय आणि पिस्टन गेला, तर ते दाखवायला त्यांना फार डोकं लावावं लागत नाही.

प्रश्न : मला ताकद-बिकद काही नको. मस्टँग जीटीला नुसता आवाजासाठी एक्झॉस्ट बदलला तर लोक हसतील का?

हसू देत. सगळ्या बोल्ट-ऑनमध्ये पैसे वसूल झाल्यासारखं वाटणारी हीच एक गोष्ट, कारण दोन-पाच घोडे कुणाला जाणवत नाहीत पण आवाज रोज चावी फिरवताना ऐकू येतो. उद्या ब्लोअर लावायचं मनात आलं तरी हा खोक्यात जात नाही, तसाच चालतो. फक्त व्हिडिओत ऐकून घेऊ नकोस. त्यात सगळे रेस मारतात, सहाव्या गिअरमध्ये सत्तरच्या वेगाने दोन तास कुणी चालवून दाखवत नाही, आणि नेमकं तिथेच, १८००-२००० आरपीएमला, काही एक्झॉस्ट असे घुमतात की कानात भुंगा शिरल्यासारखं होतं, बाजूच्या सीटवरचा माणूस बोलतोय ते कळत नाही. तोच एक्झॉस्ट लावलेली कुणाची तरी गाडी शोध, मागच्या सीटवर बस आणि त्याला म्हण, अर्धा तास हायवेला घे, काचा बंद करून.